आठवा नट

“नट चावला तरच मान हलवजो, शाम. नाही चावला तं हात बाहेर काढजो. मी समजून जाईन.”

गोवर्धननं हे सांगितलं त्याला तीनेक वर्षं झाली असतील. त्याआधी तो नुसतं “चावला?” विचारायचा आणि शामकला डब्यात हात घालूनच “हो” म्हणायची. डबा म्हणजे स्पीकरची पेटी. मुर्री रोडवरच्या घरामागं पत्र्याची शेड टाकून गोवर्धन हे डबे करायचा आणि अर्ध्या जिल्ह्यातले भजनवाले, बँडवाले, मंडपवाले ते घेऊन जायचे. डब्याच्या पुढच्या फळीला ताटाएवढं भोक, त्यावर स्पीकर ठेवून आठ बोल्टांनी आवळायचा. बोल्ट बाहेरून दिसतो. तो ज्याच्यात जाऊन बसतो तो नट फळीच्या आतल्या अंगाला असतो आणि कोणाला दिसत नाही. बिल्ल्यासारखा चपटा, मधे आखूड नळी, कडेला चार दात. काही लोक तो हातोडीनं ठोकतात. गोवर्धनला ते खपत नसे. शामकलानं नट आतून भोकाशी धरायचा, त्यानं बाहेरून वाशर घालून बोल्ट फिरवायचा, म्हणजे नट ओढला जाऊन आपल्या दातांनी लाकडात शिरतो. दात रुतताना बोटाच्या टोकाला बारीक कट् लागते. ती कट् फक्त आतल्या हाताला कळते. म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सारून, त्यावर चिंधी बांधून, गाल प्लायला टेकवून शामकला उभी राहायची आणि कट् लागली की मान हलवायची. तिला वाटलं होतं, सकाळच्या तिच्या मौनासाठीच त्यानं ही सोय केली. न मागता नवऱ्यानं आपलं व्रत सांभाळलं म्हणून तिनं त्या दिवशी देवापुढं एक फूल जास्त ठेवलं होतं.

आता कार्तिकातल्या त्रयोदशीच्या सकाळी ती तुळशीपुढं बसली होती, आणि ते वाक्य तिच्या कानात आलं ते जाईना. झालं होतं एवढंच, की ओट्यावर ठेवलेला मोबाइल थरथरला, जिल्ह्यातल्याच गोरेगावकडच्या इंद्रकुमारनं व्हिडिओ पाठवला होता. काकड आरतीचा. दसऱ्याच्या आधी त्याच्या गावच्या बायकांच्या भजन मंडळानं डबा नेला होता, तोच वाजत होता. उठल्यापासून पोथीचा अध्याय होईपर्यंत बोलायचं नाही हा तिचा अकरा वर्षांचा नेम. पण भजन ऐकायला काय हरकत, म्हणून तिनं अंगठा टेकवला. देवळाचा सभामंडप, हिरव्या लुगड्यांची एक ओळ, टाळ. मग मंडळाची म्होरकी अनुसयाबाई माइकपाशी आली. डबा सांगायला ती स्वतः आली होती, म्हणून शामकलानं ओळखलं. जाड आवाजाची बाई, पुरुषासारखा खालचा सूर. तिनं पहिली ओळ उचलली, आणि सुराच्या मागून आलं, खिर्रर्र. डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखं. अनुसयाबाईनं खाकरून पुन्हा ओळ धरली. पुन्हा खिर्रर्र. तिनं हात गळ्यावर ठेवला, बाजूच्या बाईनं तिच्या हातून माइक घेतला, दुसरी कोणी तरी वरच्या पट्टीत म्हणू लागली आणि सगळं साफ झालं. व्हिडिओखाली इंद्रकुमारनं लिहिलं होतं, काकू, एक नंबर वाजून राहिला.

पोथी उघडली तरी डोळे ओळीवरून घसरत होते. तिनं एकच ओवी तीनदा वाचली. तो कुठला नट ते तिला माहीत होतं. आठांपैकी खालून डावीकडचा. तो शनिवार होता, तिचा अध्याय अर्ध्यावर होता, इंद्रकुमारची पिकअप बाहेर हॉर्न देत होती आणि गोवर्धन शेडमधून ओरडला होता, “शाम, एकच राहिला, ये बरं दोन मिनिटं.” ती पोथीत वातीची काडी ठेवून उठली. मौन सुटलेलं नव्हतं. आत हात घातला, नट धरला, त्यानं बोल्ट फिरवला. एक कट् लागली. दुसरी लागली. मग दोन दात नुसतेच आत गेले, जसा पाय सुक्या पाचोळ्यात जातो तसे. प्लायच्या थरात तिथं पोकळ होतं. तिचं बोट त्या नटावर तसंच राहिलं. बाहेरून त्यानं विचारलं, “चावला?” आणि तिची मान हलली. का हलली? हॉर्न वाजत होता म्हणून, का पोथी उघडी होती म्हणून, का विचारलं की हलायचं हे मानेच्या अंगवळणी पडलं होतं म्हणून? दोन दात तर चावलेच होते. अर्धं खरं होतं. तिला हात बाहेर काढता आला असता. तेवढ्यासाठी बोलावं लागत नव्हतं. पण हात बाहेर काढला की गोवर्धननं “काय झालं?” विचारलं असतं, आणि मग लिहून दाखवा, खुणा करा, ते भोक बुजवा, लाकडाचा गुटका लावा, गाडीवाला खोळंबला, अध्याय राहिला. हे सगळं तिच्या मनात त्या क्षणी आलं होतं, की आता, तुळशीपुढं बसून ती ते तिथं नेऊन ठेवत होती?

तेवढ्यावर भागलं असतं तरी तिनं स्वतःला समजावलं असतं. पण नंतर त्यानं स्पीकर बसवला, बोल्ट आवळले, आणि नेहमीसारखा मोबाइल लावून सूर सोडला. खालच्या घुमण्यापासून वर शिट्टीपर्यंत एकसारखा चढत जाणारा. ह्या परीक्षेवर गोवर्धनचं नाव होतं. आमगावचे, तिरोड्याचे लोक दुसऱ्यानं केलेले डबे त्याच्याकडं आणायचे, नुसतं त्यानं ऐकावं म्हणून. तो डोळे मिटायचा, कान फळीपासून वीतभर अंतरावर धरायचा आणि सांगायचा, मागची पट्टी ढिली आहे, नाहीतर जाळीचा खिळा वाजते. त्या शनिवारी सूर जरा वर चढला आणि खिर्र वाजलं. बारीक, पण स्वच्छ. शामकलानं ते ऐकलं. इंद्रकुमार गाडीत होता. गोवर्धननं डोळे मिटलेलेच ठेवले, कान आणखी जवळ नेला, आणि मग तोंडभर हसून म्हणाला, “काच आहे काच. हो ना?” ती त्याच्याकडं पाहत राहिली. मागच्या दिवाळीपासून कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यानं सोडलं होतं. ओट्यावर बसून फोन वाजत असला तरी तो वाजू द्यायचा. नागपूरहून पोरगी, प्रेरणा, म्हणाली होती, “बाबांचे कान तपासून घ्या ना आई,” तर तो म्हणाला, “माया कानावर तं तुहं शिक्षण झालं.” हे सगळं शामकलाला सुटं सुटं ठाऊक होतं. त्या खिर्रच्या आवाजानं ते एका ठिकाणी आलं. तो विचारत होता, हो ना. तिनं मान हलवली. पहिली मान हलली होती. दुसरी तिनं हलवली.

आई म्हणायची, तोंड मिटलेलं बरं, बोलणाऱ्याच्या हातूनच जास्त चुकते. शामकलाचा आवाज मुळातच लहान. देवरीकडच्या माहेरी, रानाच्या कडेच्या सात घरांत, तिला हाक मारताना कोणी ऐकलं नाही. शाळेत कविता म्हणायला उभी केली तर गुरुजी कानामागं हात धरायचे. मौन घेतलं तेव्हा घरचे हसले होते, तू घेतलं काय नि नाही घेतलं काय. तिला मात्र ते कुलूप लावून ठेवल्यासारखं वाटायचं. सकाळचे दोन-अडीच तास तरी आपल्या हातून खोटं जाणार नाही. अकरा वर्षं ती त्या भरवशावर होती. आणि खोटं गेलं ते तिथूनच, कुलूप न काढता.

अध्याय संपवून तिनं पोथीला नमस्कार केला. मौन सुटलं की पहिलं नाव देवाचं घ्यायचं हा नेम. ते घेतलं, आणि दुसरं बोलणं फोनवर झालं.

“इंद्रकुमार, शामकला बोलते. मुर्री रोडवरून.”

“हो काकू, पाह्यला ना व्हिडिओ? गावभर ऐकू जाऊन राहिला. पलीकडचे लोक म्हनतेत, तुमच्या बायकायनं तं आमची झोप उडवली.”

“अनुसयाबाई मधात थांबल्या काऊन?”

तो हसला. “आत्याचा सायलेन्सर फाटला आता काकू. ते माइकपाशी आली का आवाजात भुंगा शिरते. बाकीच्या म्हनल्या तं काही नाही. सत्तरी झाली ना. आता तिले टाळ देल्ले वाजवाले.”

“आहेत का जवळ? द्या त्यांना.”

फोन कोणाकोणाच्या हातातून गेला. कोंबड्या, भांडी, मग तो जाड आवाज. “कोन, पेटीवाली बाई का? पेटी लय चांगली हाय वो. मायाच गळ्यात काही अटकलं. चाळीस वर्सं काकडा म्हनला, मले मालूमच नाही पडलं. कोनी सांगे बी नाही. तुमच्या पेटीनं दाखवलं. आरसाच हाय म्हना ना.”

शामकलानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी म्हनलं बरं झालं,” अनुसयाबाई सांगत होती. “देवाच्या कानात कायले घरघर सोडाची? आता टाळ वाजवतो. टाळाले गळा नाही लागत.”

“घरघर डब्यात आहे,” शामकला म्हणाली.

“काय म्हनलं? जोरात बोल ना बाई. मुंगीवानी बोलून राहिली.”

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. “घरघर डब्यात आहे. तुमच्या गळ्यात नाही. एक नट ढिला राहिला आमच्याकडून. माझ्याकडून. मी उद्या येते नि काढून देते. परवा समाप्तीचं पद तुम्हीच म्हणजा.”

पलीकडं अनुसयाबाईनं कोंबड्या हाकलल्या. मग, “इंद्रकुमारनं सांगतलं का तुले असं बोलाले? म्हातारीचं मन राखाले?”

“नाही. मला कोणी सांगितलं नाही.”

“पक्कं येशील?”

“पक्कं.”

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की ती ओरडली होती. तिच्या मानानं ओरडलीच. शेडचं दार उघडं होतं आणि वीस पावलांवर गोवर्धन फळीला कानस मारत होता. त्याच्या पाठीत काही हललं नाही. त्याच्या वाटची बातमी अंगणात मोठ्यानं बोलली गेली होती, शेजारच्या दुर्गेश्वरीनं भिंतीवर वाळवणाला टाकलेल्या चादरीआडून ऐकलीही असेल, आणि त्याला ठाऊक नव्हतं. ह्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी जे वाटलं ते सुटकेसारखं होतं, आणि त्याची तिला भीती वाटली.

दुपारपर्यंत ती घरात इकडून तिकडं होत राहिली. भात ढवळायला गेली आणि झाकण ठेवून परत आली. त्याला न सांगता जाता येईल, असं एक मन म्हणत होतं. प्रेरणाच्या सासरची कोणी गोरेगावला आली आहे, भेटून येते, असं सांगायचं. तो विचारणार नाही. विचारलं तर मान हलवायची. ह्या विचाराशी ती थांबली. इतकं सोपं होतं ते. एकदा हललेली मान आता वाटेल तिथं हलायला तयार होती. आणि सांगितलं तर? तर त्याला दोन गोष्टी कळतील. डब्याचं सोसेल तो, शिव्या घालील, दुसरा नट लावील. पण काच आहे काच म्हणून तो हसला होता ते? ते हसू परत कसं घ्यायचं माणसानं? जिल्हाभर ज्याच्या कानाचं नाव, त्याला सांगायचं की तुमच्यासमोर वाजत होतं आणि मी तुमच्या तोंडाकडं पाहत उभी होते.

जेवण झाल्यावर ती शेडमध्ये गेली. एक डबा स्पीकर बसवून तयार स्टुलावर होता. गोवर्धन पेन्सिल कानावर ठेवून दुसऱ्याचं माप घेत होता.

“इंद्रकुमारच्या डब्यात,” ती म्हणाली.

“इंद्रकुमार आला? बसव ना त्याले. चहा मांड.”

“आला नाही. त्याचा डबा.”

“काय?”

“डबा वाजतो तो.”

“वाजन्यासाठीच देल्ला,” तो हसला. “वाजल नाही तं काय करल?”

आणखी एकदा म्हणायचं तर ओरडावं लागलं असतं. भिंतीपलीकडं दुर्गेश्वरी चादरी गोळा करत होती. शामकलानं हे ओरडायचं नाही ठरवलं. तिनं फळीवरची बोल्ट फिरवायची एलन-की उचलली, तयार डब्याचा खालून डावीकडचा बोल्ट दोन फेरे ढिला केला. “अवो, काय करून राहिली?” तो म्हणाला. तिनं त्याचाच मोबाइल घेऊन सूर सोडला. खालून घुमत वर आला आणि एका जागी खिर्रर्र. तिनं तो तिथंच थांबवला, वाजत ठेवला. गोवर्धन तिच्याकडं पाहत होता, ही काय दाखवते अशा नजरेनं. तिनं त्याचा हात धरला. शेडमध्ये, दिवसाढवळ्या, तिनं कधी धरला नव्हता. त्याचा पंजा तिनं त्या बोल्टाजवळ फळीवर टेकवला.

त्याचा चेहरा आधी रिकामा होता. मग बोटं फळीवर पसरली. तो वाकला, कान जवळ नेला, आणखी जवळ, फळीला लावला. कान काढला. पुन्हा बोटं ठेवली. तिच्या हातून एलन-की घेऊन त्यानं बोल्ट आवळला, थरथर गेली. ढिला केला, आली. असं त्यानं चार वेळा केलं, लहान मूल दिव्याचं बटण करतं तसं, पण तोंडावर लहान मुलाचं काही नव्हतं. मग त्यानं सूर बंद केला.

“कवापासून?”

ती त्याच्यासमोर उभी राहिली. “डब्याचं विचारता का कानाचं?”

हे तिनं हळूच विचारलं होतं, नेहमीच्या आवाजात, आणि त्याला कळलं. तो तिच्या ओठांकडं पाहत होता. तिला एकदम दिसलं, की तो किती तरी दिवस तिथंच पाहतो आहे. गाल प्लायला टेकवला की ओठ दिसत नाहीत. मान दिसते.

“दोन्हीचं.”

“डब्याचं, इथून गेला तेव्हापासून. कानाचं तीन वर्षं झाली असतील.”

“पाच,” गोवर्धन म्हणाला.

शेडवर चिमण्यांचं काही चाललं होतं. ती ऐकत होती, तो नव्हता.

“तू मान हलवली होती,” तो म्हणाला.

“हलवली.”

“चावला नव्हता.”

“दोनच दात. तिथं प्लाय पोकळ निघाला.”

“नि मंग सूर लावला तवा?”

“ऐकलं मी.”

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, टोक पाहिलं, परत ठेवली. “मी तुया भरवशावर चालून राहिलो होतो, शाम,” तो म्हणाला. रागानं नाही. माप सांगावं तसं. तिनं सांगितलं, अनुसयाबाईचं, टाळाचं, आरशाचं, उद्या येते म्हटल्याचं. सांगताना ती त्याच्याकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, आणि आपलं बोलणं असं पुरतं कोणापर्यंत जातं आहे हे तिला नवीन होतं. त्यानं मापाची फळी पुढ्यात ओढली. ती आणखी थांबली तेव्हा म्हणाला, “बाजूले हो. उजेड अडून राहिला.”

संध्याकाळी दिवा लावताना शेडमधून ड्रिलचा आवाज येत होता. तयार डबा पूर्ण करत असतील, तिला वाटलं. जेवताना भाताला मीठ कमी पडलं, ते त्यानं वरून घेतलं. तिनं अवजारांच्या पिशवीत एलन-की, एक नवा नट आणि एक बोल्ट टाकून पिशवी खुंटीला लावली, आणि अंथरुणावर पडून दुपारच्या बोलण्याचा हिशेब करत राहिली: काय म्हणायचं राहिलं, काय जास्त झालं. क्षमा मागायची राहिली होती. पण कशाची मागायची? डब्याची मागितली तर दुसरी राहते. दुसरी मागितली तर त्याच्या कानाबद्दल पुन्हा बोलावं लागतं. देवाजवळ मागावी तर देवाजवळ ती रोजच मागते, न केलेल्या गोष्टींचीही.

चतुर्दशीला ती उजाडायच्या आत उठली, अंघोळ केली, दिव्याच्या उजेडात अध्याय वाचायला बसली. आज एकेक ओवी जागच्या जागी होती. निम्मा झाला तेव्हा घड्याळ पाहिलं. गोरेगावच्या पहिल्या गाडीला अर्धा तास. बाकीचा तिथं देवळात वाचू, म्हणून तिनं पोथी फडक्यात गुंडाळली. पिशवीत ठेवायला गेली तर पिशवी जड लागली.

तिनं ती ओट्यावर रिकामी केली. तिच्या एलन-कीखाली साबणाच्या वडीएवढा सागवानी गुटका होता. मधोमध भोक, आणि भोकात नट ओढून बसवलेला, चारही दात लाकडात पुरते रुतलेले. दोन कडांना स्क्रूची भोकं, दोन स्क्रू कागदाच्या पुडीत. गोंदाची लहान बाटली. गुटक्याची जाडी धरून घेतलेला, तिनं टाकला होता त्याहून बोटभर लांब बोल्ट. आणि करवतीचं अर्धं पातं. ते का, हे तिला जरा वेळानं उमगलं: ढिला नट बोल्टाबरोबरच फिरत राहणार, जुना बोल्ट निघणारच नाही, तो कापावा लागेल. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती आपला एक नट घेऊन गेली असती, तो त्याच पोकळीत लावला असता, आणि समाप्तीला अनुसयाबाईनं पुन्हा गळ्यावर हात ठेवला असता. पात्याच्या एका टोकाला मऊ चिंधी गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधली होती, धरायला. गुटक्यावर सुताराच्या पेन्सिलीनं बाण काढला होता आणि लिहिलं होतं, ही बाजू आत.

ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली. गोवर्धन भिंतीकडं तोंड करून निजला होता, किंवा निजला नव्हता. हाक मारायची तर मौन, आणि मारली असती तरी पाठीला ओठ दिसत नाहीत. ती थोडा वेळ उंबऱ्याशी उभी राहिली. मग परत येऊन तिनं एकेक वस्तू पिशवीत नीट भरली, गुटका सगळ्यांत वर, त्यावर पोथी, बांगड्या मनगटावर सारख्या केल्या, आणि दार लोटून, कडीचा आवाज होऊ न देता, ती बस स्टँडच्या वाटेला लागली.